कोरडा सदरा

अब्बा,

कॉलेजात असताना मी तुम्हाला दर पंधरवड्याला पत्र लिहीत असे आणि तुम्ही ते लाल शाईने तपासून परत पाठवीत असा. खुशालीला उत्तर नसे. समासात तुमचे बारीक, सरळ अक्षर असे: ‘वाक्य लांबले’, ‘भावना आवरा’. तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. हे पत्र तपासले जाणार नाही, त्यामुळे वाक्ये लांबतील. भावना आवरण्याची सवय मात्र तुमची शाई वाळल्यावरही राहिली आहे, तेव्हा त्या बाबतीत तुमची फारशी निराशा होणार नाही. कळवायचे ते इतकेच की, माझी पत्नी गेल्या हिवाळ्यात येथे दुबईत वारली. तिला तुम्ही ओळखत होता. ती तुमच्याच शाळेतली, खाडीकाठच्या मोहल्ल्यातली. आमच्या निकाहाला तुम्ही हजर होता आणि त्याच वर्षी तुम्ही गेलात. तिच्याविषयी तुम्ही माझ्याजवळ आयुष्यात एकच वाक्य बोललात: ‘मुलगी हसरी आहे, ताब्यात ठेव.’ ती हसरी होती हे खरे. पुढचा भाग कसा पार पाडायचा असतो हे तुम्ही सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही, कारण तुम्हाला काही विचारायचे म्हणजे आधी उभे राहावे लागे.

अम्मा गेली त्या दिवसाविषयी मी तुमच्याशी कधी बोललो नाही. त्या दिवशी घराची ओटी पुरुषांनी भरलेली आहे. तुम्ही मधोमध बाकावर बसला आहात, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या. आत माजघरात अम्मा आहे आणि मोहल्ल्यातल्या बायका आहेत. मी उंबऱ्यावर आहे, ना आत ना बाहेर, कारण त्या वयाच्या मुलाची जागा कोणती हे कोणी ठरवलेले नाही. अम्माने आतून निरोप दिला की, त्यांना म्हणावे एकदा आत या. तो निरोप मीच तुमच्याकडे आणला. तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणालात, ‘बायका आहेत ना आत?’ बायका होत्या. म्हणून तुम्ही गेला नाहीत. तासाभराने आतून रडणे उठले तेव्हाही तुम्ही उठला नाहीत. उठून आत गेले ते पाण्याचे हंडे, कापूर आणि बोरीचा पाला. मय्यतीला अंघोळ घालून, कफन बांधून बायकांनी तिला बाहेर दिले, तेव्हा तुम्ही पहिला खांदा दिलात. तुमच्या सदऱ्यावर पाण्याचा थेंब नव्हता. कबरस्तानातून परतताना माझ्या पुढे चालणारा एक जण दुसऱ्याला म्हणाला, ‘मास्तर म्हणजे दगड आहे, दगड.’ त्या आवाजात कौतुक होते. मी ते वाक्य बक्षिसासारखे घरी घेऊन आलो आणि ते तुम्हाला सांगितलेही. त्या संध्याकाळी तुम्ही मला तुमच्या ताटाजवळ जेवायला बसवलेत. तुमच्याकडून मिळालेला तेवढा एक लाड मला आठवतो, आणि तो कशाबद्दल मिळाला तेही.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात रडलो. तुमच्या शाळेत त्याला ठरलेली शिक्षा होती: जो मुलगा रडेल त्याने उरलेला दिवस मुलींच्या ओळीत बसायचे. छडीला कोणी भीत नसे, त्या ओळीला सगळे भीत. तुम्ही नियमाला अपवाद केला नाहीत. तुमची न्यायबुद्धी गावात प्रसिद्ध होती. ‘ऊठ. तिकडे जाऊन बस,’ इतकेच म्हणालात आणि फळ्याकडे वळलात. मुले हसली. मी पाटी घेऊन भिंतीकडेच्या त्या आखूड ओळीत गेलो. शेवटच्या मुलीने जरा सरकून जागा दिली, ओढणीच्या टोकाने माझ्या पाटीवर पडलेले पाणी पुसले आणि समोर पाहत हळूच म्हणाली, ‘रड. इथे चालतं.’ (आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, मी येथे शुद्ध करून लिहितो, कारण घरची बोली कागदावर आलेली तुम्हाला खपत नसे.) अब्बा, माझ्या लग्नाची बोलणी मोहल्ल्याच्या जाणत्या मंडळींनी केली असे तुम्ही समजत होता. ती तुम्ही केलीत. त्या दिवशी मला शिक्षा झाली नसती, तर मी तिच्याशेजारी कधी बसलोच नसतो.

मी दुबईस आलो ते तुमच्या पश्चात. समुद्रात तेल शोधणाऱ्या एका कंपनीच्या किनाऱ्यावरील कचेरीत मला कारकुनी मिळाली. पुढे हेड क्लार्क झालो. आपल्या रत्नागिरीकडची माणसे येथे आधीपासूनच होती. कोणी गलबतावर, कोणी कापडाच्या पेढीवर. त्यांतले एक वडीलधारे गृहस्थ येथल्या आमच्या मोहल्ल्याचे पुढारी. त्यांना सगळे चाचा म्हणत आणि त्यांच्या पत्नीस चाची. खाडीच्या अलीकडे, बर दुबईत, त्यांच्या घरामागेच आम्हाला घर मिळाले: दोन खोल्या, मध्ये अंगण, वर गच्ची, आणि पाणीवाला गाढवावरून डबे आणून ओतून जाई ती टाकी. पत्नी आली, तिने टाकीशेजारी डब्यांत मेथी आणि मिरची लावली, आणि ते घर झाले. माझ्या कचेरीत वाळूसारखी देशोदेशींची माणसे येऊन पडत. त्यांत व्हेनेझुएला नावाच्या, दक्षिण अमेरिकेतल्या देशाचा एक ड्रिलर, म्हणजे तेलाची विहीर खणणारा, होता. दोन आठवडे समुद्रातल्या फलाटावर, एक आठवडा किनाऱ्यावर, असा त्याचा क्रम. मान रेड्यासारखी, मिशा राखलेल्या, गळ्यात आईने दिलेले पदक. तोडकेमोडके इंग्रजी बोलताना दर वाक्याच्या शेवटी तो येथल्या अरबीतले ‘हबीबी’, म्हणजे दोस्ता, लावी आणि ‘खलास’ म्हणून बोलणे संपवी. एकट्या माणसाला घरचे जेवण घालावे, हा तिचा आग्रह. म्हणून किनाऱ्यावरच्या आठवड्यात तो एकदा आमच्याकडे जेवे. आम्ही गच्चीवर बसत असू. ती जिन्याच्या दारातल्या पडद्याआड बसे आणि मी केलेले भाषांतर ऐके.

त्याच्याकडूनच मी ‘माचो’ हा शब्द शिकलो. पुरुषातला पुरुष, असा त्याचा अर्थ त्याने छातीवर मूठ आपटून सांगितला. त्याच्या मते पुरुषाने आईसाठी रडावे, गाणे ऐकून रडावे, मित्राच्या गळ्यात पडून रडावे. बायकोदेखत मात्र डोळ्याला पाणी येता कामा नये. तुम्ही त्याला मुलींच्या ओळीत बसवले असते, अब्बा, आणि त्याने बाक मोडून ठेवला असता. आपल्याला धाकटी बहीण आहे, तिच्यामागे एक पोरगा हिंडला म्हणून आपण त्याचे दोन दात पाडले, हे तो मोठ्या अभिमानाने सांगे. बहिणीचे पुढे काय झाले असे पडद्याआडून विचारले गेले. तो म्हणाला, ती मठात गेली, आणि ताटातला पापलेटाचा काटा काढण्यात गुंतला. त्याच्याजवळ पुठ्ठा गेलेले एक पद्यांचे पुस्तक होते, त्याच्याकडच्या गवताळ माळावरच्या गुराख्यांच्या कहाण्यांचे. एका संध्याकाळी, मगरिबच्या नमाजानंतर, त्याने त्यातली एक कहाणी उभे राहून, हात पसरून म्हटली आणि मग मला इंग्रजीत समजावली. एका गुराख्याला कोणी सांगते की तुझ्या बायकोने परक्याकडे पाहिले. तो पुरात घोडा घालतो, तीन रात्री दौडतो, त्या परक्याला सुऱ्याने मारतो, आणि परत येतो तो बायको दारात वाट पाहता पाहता मेलेली. मग तो गिटार घेऊन माळावर निघून जातो. ड्रिलरच्या गालांवरून धारा वाहत होत्या. घोड्याचे नाव होते, सुऱ्याचेही होते. त्या नावांवर त्याचा आवाज विशेष भरून येई. मी भाषांतर संपवले. पडद्याआडून आवाज आला, ‘आणि बाईचं नाव काय?’ मी ते त्याला विचारले. तो थांबला, पाने उलटली, पुन्हा उलटली. शेवटी खांदे उडवून म्हणाला, ‘नाव? ती बायको आहे, हबीबी.’ पडद्यामागे ती हसली. ‘विचारा त्यांना,’ ती म्हणाली, ‘तिने खरंच पाहिलं होतं का, ते तरी पुस्तकात आहे?’ ते मी विचारले नाही. पाहुण्याला किती विचारायचे याला मर्यादा असतात, असे मी तिला नंतर सांगितले. ती म्हणाली, बरोबर आहे, तुम्ही मास्तरांचे चिरंजीव.

त्या कहाणीने मला स्वस्थ बसू दिले नाही. कंपनीच्या क्लबात एक कपाटभर पुस्तके होती. त्या खंडातल्या काही कादंबऱ्या तेथे इंग्रजीत मिळाल्या आणि मी त्या कॉलेजातल्या शिस्तीने, टिपणे काढीत वाचल्या. माळ निराळा, पाऊस निराळा, देव निराळा. परंतु पानापानावर मला आपली ओटी दिसत होती. मोठ्या घराचा धनी मधोमध खुर्चीत बसलेला असतो. लोकांनी त्याला भिणे हीच त्याची इज्जत असते. आई ही देव्हाऱ्यात, बायको ही माजघरात, आणि दोघींची जागा बदलता येत नाही. तेथले पुरुष बोलके. सूड घेतात, शपथा घेतात, गातात. आपले पुरुष अबोल. गप्प बसून तेच करतात. लेखक धन्यावर टीका करतो असे प्रस्तावनेत म्हटलेले असते, परंतु त्याच्या मृत्यूला तो तीस पाने देतो आणि बायकोच्या मृत्यूला अर्धे वाक्य. मी हे तिला वाचून दाखवत असे. ती मेथी निवडत ऐकायची. एकदा म्हणाली की, त्यांच्यात आणि आपल्यात फरक असा की ते विस्तवाजवळ जातात. कारण ड्रिलर मोठ्या तोऱ्याने सांगे की, उघड्यावर जाळ करून अख्खा बैल भाजणे हे पुरुषाचे काम आहे, चुलीवरचे भांडे ढवळणे नव्हे. त्यावर मी तिला आठवण दिली की, आपल्याकडेही लग्नातली बिर्याणीची देग पुरुषच चढवतात. ‘हो,’ ती म्हणाली, ‘शंभर माणसं बघत असली की तुम्हाला स्वयंपाक येतो.’

पुढे तिच्या हृदयाची झडप बिघडली असल्याचे निदान झाले. लहानपणीच्या तापाने धरलेले दुखणे होते ते. तिने वाकायचे नाही, उचलायचे नाही, धगीजवळ बसायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. घर तर चालले पाहिजे. तेव्हा मी कचेरीतून येई, रस्त्याकडचे दार कडी घालून लावी, चाचांच्या घराकडची खिडकी लावी, आणि मग टाकीतून बादल्या भरी, कणीक मळी, मासळी साफ करी. ती खाटेवरून सांगे, मी करी. घरात धूर कोंडे आणि तिला खोकला येई. ती म्हणे खिडकी उघडा. मी म्हणे, थांब, एवढे होऊ दे. एकदा कडी नीट बसली नव्हती आणि चाचा सरळ अंगणात आले. मी पाटावर बसलेलो, समोर आपली सुरमई, येथे जिला कनाद म्हणतात ती, हातात सुरी, बाह्या कोपरापर्यंत. चाचांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. ‘काय साहेब,’ ते म्हणाले, ‘आज घरात मर्द कोण आहे?’ मी उभा राहिलो आणि म्हणालो की, काही नाही, माचिस शोधत होतो. खाटेवरून ती म्हणाली, ‘मिळाली का हो? माशाच्या पोटात बघा.’ चाचासुद्धा हसले. मी हसलो नाही. मला तुमची आठवण झाली होती, आणि तुमची आठवण आली की माझ्या गळ्यापाशी न लावलेली गुंडी मला जाणवते.

तिला हात वर धरवेनासे झाले तेव्हा केस विंचरणे माझ्याकडे आले. तिचे केस लांब होते, ती ते कापू देईना. वेणी घालायला तिने मला शिकवले. आधी दोरीवर, मग स्वतःच्या केसांवर. पहिले काही दिवस ती आरशात पाही आणि म्हणे, हे गलबताचे दोरखंड झाले. मग बरी येऊ लागली. खिडक्या लावलेल्या त्या खोलीत, दिवसाढवळ्या दिव्याच्या उजेडात, मी हेड क्लार्क, बी.ए., तिच्यामागे बसून तीन पेड एकमेकांवरून नेत आहे, आणि ती शाळेतल्या, गावातल्या गोष्टी बोलत आहे. अब्बा, माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ कोणता असे मला कोणी विचारले, तर मी हा सांगेन. कोणी विचारणार नाही, कारण तो कोणी पाहिलेलाच नाही. मी कडी घातली होती.

अशाच एका दुपारी तिने मागणे मागितले. वेणी अर्धी झाली होती, त्यामुळे मला तिचे तोंड दिसत नव्हते. ती म्हणाली, ‘मी गेले की मला परक्या हातांनी धुऊ देऊ नका. तुम्ही धुवा.’ असे बोलू नये, वगैरे जे म्हणतात ते मी म्हणालो. ती म्हणाली, ‘तुमच्या अम्माला बायकांनी धुतलं, तेव्हा माझी आई होती त्यात. ती सांगायची, मास्तरीणबाईचे डोळे दाराकडे होते, मिटता मिटत नव्हते.’ हे मला माहीत नव्हते. तुम्हालाही बहुधा माहीत नसेल; आत काय घडले हे ओटीवर कळत नाही. मी तिला शब्द दिला. माझ्या आयुष्यात तुमच्या परवानगीवाचून मी दिलेला तो पहिला शब्द असावा.

ती सकाळी गेली. चाचा आले, पाठोपाठ मोहल्ल्यातले पुरुष आले. खुर्च्या, सतरंज्या, सगळे आपोआप झाले. अंगण म्हणजे ओटीच झाली. मी चाचांना बाजूला घेऊन तिचे मागणे सांगितले. ते प्रथम समजलेच नाहीत. मग म्हणाले, ‘बायका आहेत ना?’ अब्बा, तेच शब्द, तोच सूर. मला वाटले तुम्ही कोठेतरी बाकावर आहात. मी म्हणालो की बायका आहेत, परंतु तिने मला सांगितले आहे. बोलणे वाढले, तेव्हा मशिदीतल्या वृद्ध इमामांना विचारण्यात आले. त्यांनी शांतपणे सांगितले की, बाईला बायकांनी धुवावे हे बरे. परंतु आपल्या शाफई मताप्रमाणे नवऱ्याला मनाई नाही, तो धुऊ शकतो. मला वाटले वाद मिटला. चाचांनी मान हलवली. ‘धर्मात आहे,’ ते म्हणाले, ‘आपल्यात नाही.’ चार जणांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, लोक काय म्हणतील की याच्या घरात कोणी बाईमाणूस फिरकले नाही? दुसरा म्हणाला, साहेब शिकलेले आहेत, त्यांच्या डोक्यात काहीतरी वाचलेले असते. कोणीही रागावले नव्हते. सगळे मला सांभाळून घेत होते. माझी अब्रू माझ्या हातून सांडू नये म्हणून त्यांनी ओंजळी धरल्या होत्या. चाचांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, मी ऐकणार असे गृहीत धरले, आणि कबर खणली गेली का ते पाहायला काही माणसे घेऊन ते निघून गेले.

ते गेल्यावर मी आत गेलो. चाची आणि आणखी दोन बायका पाणी काढून बसल्या होत्या. मी सांगितले की मी धुणार आहे. दोघी पदर सावरून बाहेर निघून गेल्या. चाची थांबल्या. माझ्याकडे बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, ‘मी पाणी ओतते. तुम्ही करा.’ मग दार लावले. कापडाआडून उजवी बाजू आधी, मग डावी. बोरीच्या पाल्याचे पाणी, मग साधे, शेवटी कापराचे. त्या सांगत गेल्या, मी करीत गेलो, जसे खाटेवरून ती सांगे आणि मी करी. पाणी थंड लागू नये म्हणून मी ते हाताने पाहत होतो. चाचींनी ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. केस धुऊन झाल्यावर त्या पुढे सरकल्या. बाईच्या केसांच्या तीन वेण्या घालून मागे सोडायच्या असतात, ते माझ्याच्याने होणार नाही असे त्यांनी धरले होते. मी फणी घेतली. तीन वेण्या घातल्या, घट्ट, सारख्या. चाचींच्या हातातला तांब्या तसाच राहिला. ‘हे कधी शिकलात?’ त्यांनी विचारले. मी म्हणालो, खिडक्या लावून. तेव्हा मी रडलो. आवाज करून, तोंड उघडे टाकून, जसा तुमच्या वर्गात रडलो होतो तसा. त्या खोलीत ते चालत होते.

मी बाहेर आलो तेव्हा अंगणात एकच माणूस मोठ्याने रडत होता, आणि तो ड्रिलर होता. कचेरीतून कळताच तो आला होता. टोपी छातीशी धरून, भर पुरुषांत, हुंदके देत उभा. आपली माणसे त्याच्यापासून जरा अंतर ठेवून, जमिनीकडे पाहत बसली होती. चाचा परतले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, माझ्या बाह्यांकडे पाहिले, आणि शेजारच्याला समाधानाने म्हणाले, ‘शेवटी ऐकलंन. शहाणा आहे.’ ड्रिलरने पुढे होऊन माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि ओठांशी नेले. तेथे तो थांबला. माझ्या बोटांना कापराचा वास होता. त्याने हात खाली केले, परंतु सोडले नाहीत, आणि हलक्या आवाजात विचारले, ‘तू? तू स्वतः?’ मी मान हलवली. त्याचे रडणे थांबले. ‘आमच्याकडे बायका धुतात,’ तो म्हणाला. ‘पुरुष बाहेर पितात आणि रडतात.’ मग त्याने माझे हात सोडले आणि नकळत आपले तळवे पँटला पुसले. ज्याचे रडणे मी वर्षभर हेव्याने पाहिले होते, तो माणूसही दाराबाहेरचाच निघाला. त्याच्या ओटीवर रडण्याची सोय होती, एवढेच.

विधवेला आपल्यात इद्दत असते. तिने घरात बसावे, दुःख करावे, लोकांनी तिचे दुःख सांभाळावे. विधुराला काहीही नाही. तिसऱ्या दिवसानंतर मी कचेरीत होतो आणि चाळीसाव्या दिवसाच्या जेवणात चाचांनी माझ्यासाठी गावाकडची एक मुलगी सुचवली. ‘तुमचं वय काय झालंय? घरात बाईमाणूस हवं,’ ते म्हणाले. मी विचारले, कशासाठी? त्यांना वाटले मी लाजतो आहे. लोक मला धीराचा माणूस म्हणतात. परवा मशिदीबाहेर कोणी तरी म्हणाले की, साहेब म्हणजे दगड आहे. मी घरी आलो, आणि हे पत्र लिहायला बसलो.

अब्बा, मी हे पत्र तुमच्यावर आरोप करण्यासाठी सुरू केले. ते आरोप मी मागे घेत नाही. अम्माने बोलावले आणि तुम्ही गेला नाहीत. मी गेलो, मी धुतले, मी शब्द पाळला, आणि हे तुमच्या तोंडावर टाकावे अशी माझी फार इच्छा होती. परंतु तुम्ही तपासणारे होता, तेव्हा गाळलेली जागा तुम्ही हेरलीच असती: ज्याने पाण्यात कोपरापर्यंत हात घातले, त्याच्या बाह्यांकडे पाहून चाचांना समाधान कसे वाटले? तर, दार उघडण्यापूर्वी मी ओला सदरा काढला. खुंटीवर इस्त्रीचा होता, तो घातला, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या, आणि मग बाहेर गेलो. चाचींनी ते पाहिले. त्यांनी, आणि बाहेर निघून गेलेल्या त्या दोघींनीही, आजवर कोणाला सांगितलेले नाही, आणि मीही नाही. ड्रिलर सोडला, तर अंगणातल्या प्रत्येकाला आजही वाटते की तिला बायकांनी धुतले. हे तिला सांगायला हवे होते, पण ती हसली असती, आणि ते मला सोसले नसते. म्हणून तुम्हाला सांगतो आहे. मी सदरा का बदलला हे विचारण्याची गरज न पडता ज्याला कळेल, असा तुमच्यावाचून दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही. तो ओला सदरा मी धुतलेला नाही. तो घरातच वाळला, खिडकी लावून. हे कागद घडी करून त्याच्या खिशात ठेवतो.